कैलासासमोर नेऊन उभे कसे करावे: ठाण्याच्या एका सहलसंस्थेचा वेरूळ-अजिंठा दौरा

सहलसंस्थेविषयी लिहायचे म्हटले की बस वेळेवर आली का, खोल्या स्वच्छ होत्या का आणि जेवण कसे होते, एवढ्यावरच बहुतेक अभिप्राय संपतात. या गोष्टींचा हिशेब पुढे येईलच. पण वेरूळ-अजिंठ्याच्या दौऱ्याचा खरा कस लागतो तो दुसरीकडे. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रापासून हातातल्या मोबाइलपर्यंत जे आपण असंख्य वेळा पाहिलेले असते, ते प्रत्यक्ष समोर आल्यावर माणूस थक्क होतो, की ‘फोटोत होते तसेच आहे’ म्हणून पुढे सरकतो, हे पाहावे लागते. थक्क होणे कोणी तिकिटात घालून विकू शकत नाही. मात्र त्या जागी कोणत्या वेळी न्यायचे, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर न्यायचे, काय आधीच सांगायचे आणि काय राखून ठेवायचे, हे सर्वस्वी संयोजकाच्या हातात असते. नौपाड्यातील एका लहान सहलसंस्थेबरोबर गेल्या हिवाळ्यात केलेला दौरा मी याच कसोटीवर तपासणार आहे. संस्था घरगुती स्वरूपाची आहे आणि काही तक्रारी स्पष्टपणे मांडायच्या आहेत, म्हणून तिचे नाव देत नाही.

दौरा तीन दिवस आणि दोन रात्रींचा होता, आणि माणशी १२,५०० रुपयांत प्रवास, मुक्काम, नाश्ता, दोन्ही वेळचे जेवण, प्रवेशशुल्क आणि मार्गदर्शक असे सगळे आले. वीस आसनांची छोटी बस पहाटे पाचला तीन हात नाक्यावरून निघून माजिवड्याला उरलेल्यांना घेते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्यापासून ठाणेकरांना या प्रवासात कसारा घाट चढावा लागत नाही; भिवंडीजवळच्या आमण्याला महामार्गावर चढले की थेट माळीवाड्याला, म्हणजे देवगिरीच्या पायथ्याशीच उतरता येते. पूर्वी रात्रीच्या गाडीने निघून सकाळी डोळे चोळत उतरणारे प्रवासी आता दुपारच्या आत तिथे पोहोचतात. प्रवास सोपा झाल्यामुळे संयोजकांना पहिल्याच दिवशी दोन स्थळे कोंबण्याचा मोह होतो, आणि इथेही तो झालाच. पण त्याआधी दौऱ्याच्या सर्वांत चांगल्या भागाविषयी सांगायला हवे, आणि तो भाग ठाण्यातच पार पडतो.

निघण्याच्या आधीच्या रविवारी संस्था सर्व सहप्रवाशांची पूर्वबैठक घेते. अशा बैठकीत सामान्यतः सामानाची यादी आणि ओळखपत्रांच्या सूचना असतात. येथे त्या दहा मिनिटांत उरकल्या आणि उरलेला सगळा वेळ मार्गदर्शकांना दिला गेला. हे गृहस्थ इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक असून सगळे त्यांना नुसते ‘सर’ म्हणतात. सरांनी अजिंठ्याची चित्रे पडद्यावर मोठी करून, एकेक आकृती बोटाने दाखवत, भरपूर दाखवली. वेरूळच्या कैलासाचे मात्र एकही छायाचित्र त्यांनी दाखवले नाही. कोणी तरी विचारल्यावर ते एवढेच म्हणाले की अजिंठ्याला काय पाहायचे हे आधी माहीत नसेल तर काहीच दिसत नाही, आणि कैलास आधी पाहून ठेवला तर तिथे गेल्यावर फक्त ओळख पटवणे उरते. त्या वेळी हे उत्तर थोडे नाटकी वाटले, पण दोन्ही ठिकाणी जाऊन आल्यावर त्यातला विचार पटतो. त्याऐवजी त्यांनी घरचा अभ्यास दिला तो असा की ज्यांना शक्य असेल त्यांनी निघण्यापूर्वी अंबरनाथचे शिवमंदिर पाहून यावे.

हा अभ्यास वरवर पाहता विषयाबाहेरचा वाटतो. अंबरनाथचे मंदिर आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे, लोकलने अर्ध्या-पाऊण तासात गाठता येते, आणि नेमके म्हणूनच अनेक ठाणेकरांनी ते नीट पाहिलेले नसते. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असा काळ येतो आणि ते शिलाहारांच्या राजवटीतले आहे. सरांची सूचना कोरीवकामाविषयी नव्हतीच. दगडावर दगड कसा बसवला आहे, दोन चिऱ्यांमधला सांधा कुठून कुठे जातो, एखादी मूर्ती दोन दगडांवर कशी विभागली आहे, एवढेच पाहून यायचे होते. शनिवारी दुपारी मी आणि घरची मंडळी जाऊन ते पाहून आलो. भिंतीवरच्या सांध्यांवर बोट फिरवणारी आमच्यासारखी आणखी दोन कुटुंबे तिथे दिसली, आणि ती याच दौऱ्यातली निघाली.

पहिल्या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दौलताबादला, म्हणजे यादवांच्या देवगिरीला, आम्ही भर दुपारी चढू लागलो. खालून पाहताना तासून उभा केलेला तो कडा आणि खंदक छातीत धडकी भरवतात, अंधारी नावाच्या काळोख्या भुयारी वाटेतून जाताना आजही अंगावर काटा येतो, पण डोक्यावर ऊन असल्यामुळे निम्मी मंडळी पहिल्या तटबंदीपाशीच सावलीला बसली. हा किल्ला सकाळी करायला हवा, किंवा मग करूच नये. संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, बीबी का मकबरा दाखवताना टूर मॅनेजरने बसच्या माइकवरून ‘आता आपण मिनी ताज बघणार आहोत’ अशी घोषणा केली आणि त्या वास्तूचे सगळे नशीबच ठरून गेले. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू हिची ही कबर. तिचा मुलगा आझमशहा याचे नाव तिच्या उभारणीशी जोडलेले आहे आणि ताजमहालाशी तिचे साम्य उघड आहे. पण ताजची आठवण डोक्यात घालून कोणालाही तिथे नेले, तर तो फक्त काय कमी आहे तेवढेच मोजतो: मिनार जवळजवळ आलेत, संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटापुरता आहे, बाकी चुन्याचा गिलावा. सूर्य कलताना तो गिलावा ज्या मऊ रंगाचा होतो, तो आमच्या तुकडीतल्या फारच थोड्यांनी पाहिला. तुलनेने कुतूहल वाढते असे संयोजकांना वाटत असेल, पण विस्मयाला तुलनेइतके मारक दुसरे काही नसते.

दुसऱ्या दिवशी हीच संस्था अगदी वेगळी वागली. वेरूळची लेणी सूर्योदयाला उघडतात. आम्हाला हॉटेलातून साडेपाचला बाहेर काढले, चहा बसमध्येच थर्मासमधून दिला, आणि दारे उघडली तेव्हा आत शिरणाऱ्यांत आमचीच तुकडी पहिली होती. वेरूळला एका ओळीत ३४ लेणी आहेत. दक्षिणेकडून पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू आणि शेवटची पाच जैन. बहुतेक संस्था लेणे क्रमांक एकपासून सुरुवात करतात आणि सोळाव्या लेण्यापर्यंत, म्हणजे कैलासापर्यंत, येता येता लोकांचे पाय दुखू लागलेले असतात. सरांनी आम्हाला सरळ कैलासाकडे नेले. दारापाशी थांबवून त्यांनी फक्त तीन गोष्टी सांगितल्या: फोन पिशवीत ठेवा, आत गेल्यावर अर्धा तास माझ्याशी किंवा एकमेकांशी बोलू नका, आणि अंबरनाथला जे शोधले तेच इथे शोधा.

कैलासाच्या रचनेत हा क्षण मुळातच योजलेला आहे, याचे श्रेय संस्थेला देता येणार नाही. बाहेरून पाहणाऱ्याला समोर खडकाचा दुमजली पडदा आणि त्यातले दार एवढेच दिसते. मंदिर जवळजवळ पूर्ण झाकलेले असते. दारातून आत गेले की समोर गजलक्ष्मीचा शिल्पपट येतो, तिला वळसा घालून बाजूला झाले की एकदम अंगण उघडते आणि मान आपोआप वर जाते. सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद असे हे अंगण आहे, मागच्या बाजूला कातळ ३० मीटरांहून अधिक उभा तासलेला आहे, आणि मधोमध हत्ती-सिंहांच्या रांगेवर तोललेले, मंडपाचे, शिखराचे, पुलांनी जोडलेले अख्खे मंदिर उभे आहे. नाट्यशास्त्रकार भरताने अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय सांगितला आणि त्याची लक्षणे म्हणून डोळे विस्फारणे, पापणी न लवता पाहणे, रोमांच, अश्रू, तोंडून वाहवा निघणे ही सांगितली. यांतली वाहवा सोडून बाकीची सगळी मी त्या सकाळी आमच्या मंडळींच्या चेहऱ्यांवर पाहिली, आणि वाहवा नव्हती ती केवळ बोलायची बंदी होती म्हणून. फोन हातात असता तर पापणी न लवता पाहण्याचे कामही कॅमेऱ्यानेच केले असते.

पण केवळ भव्यतेने होणारा हा परिणाम पाच-सात मिनिटांत ओसरू लागतो. त्यानंतरच्या वेळासाठी अंबरनाथचा अभ्यास होता. आमच्यात वर्तकनगरचे एक काका होते, ज्यांची सगळी नोकरी बांधकामाच्या साइटवर गेली होती. ते मंदिराच्या जोत्यापाशी जाऊन एका खांबाचा तळ पाहू लागले, मग खांब जिथे छताला मिळतो तिथे मान वाकडी करून पाहिले, मग भिंतीवरून तळहात फिरवत कोपऱ्यापर्यंत गेले आणि कोपऱ्यापाशी थबकले. सांधा नव्हता. जोते, खांब, छत, शिखर, अंगणातले दोन भंगलेले हत्ती, ध्वजस्तंभ आणि भोवतीचा डोंगर हे सगळे एकाच खडकाचे आहे, हे त्यांना पूर्वीही माहीत होते. आपल्या सगळ्यांनाच शाळेपासून माहीत असते. पण हाताने सांधा शोधून तो न सापडणे ही वेगळीच गोष्ट आहे. अर्धा तास संपल्यावर ते पहिल्यांदा बोलले ते सरांशी: “साइटवर कॉलम चुकला तर आम्ही तोडून परत ओततो हो. इथं चुकला असता तर काय केलं असतं?” सरांनी हसून मान हलवली आणि उत्तर दिले नाही. आमच्या मागे अंगणाच्या कातळावर छिन्नीचे घाव अजून मोजता येतील इतके स्पष्ट दिसत होते.

यानंतर आम्हाला टेकडीवर नेले. लेण्याच्या बाजूने वर जाणारी पायवाट चढून गेले की कैलास वरून दिसतो, आणि तो कसा घडवला हे तिथूनच कळते. कारागीर पायापासून वर गेले नाहीत. त्यांनी डोंगराच्या माथ्यावरून चर खणत, शिखर आधी कोरत, खाली खाली येत काम केले. किती दगड बाहेर काढला याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण दोन लाख टनांच्या घरातला आकडा बहुधा सांगितला जातो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींतून वाहिलेल्या लाव्ह्याचा हा बेसाल्ट आहे. मध्ययुगीन मराठीत एक कथाही आहे: राजाच्या दुखण्यासाठी राणीने नवस बोलला आणि देवळाचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा पण केला, इतके मोठे देऊळ तिचा जीव जाण्यापूर्वी कसे बांधणार, असे सगळे चिंतेत असताना पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीने शिखरच आधी घडवून दाखवले. ही कथा वर, कड्यावर उभे राहून ऐकावी. खाली अंगणात ऐकली तर ती नुसती गोष्ट वाटते. मात्र इथे संस्थेला एक सूचना करायलाच हवी. कड्याच्या काठावर सगळीकडे सुरक्षित कठडा नाही, वाट खडीची आहे आणि आमच्यातल्या बरोबर असलेल्या ज्येष्ठांपैकी तिघी-चौघींना ती झेपणारी नव्हती. त्यांना खालीच थांबवले हे योग्य झाले, पण त्यांच्यासोबत कोणालाही ठेवले नाही. दुसऱ्या मदतनीसाचे पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

खाली उतरल्यावर, नाश्त्याच्या पोह्यांवर, सरांनी बडोद्यात सापडलेल्या ताम्रपटाची हकीकत सांगितली. हे मंदिर राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धातील राजाच्या, नावावर आहे ते मुख्यतः त्या ताम्रपटामुळे. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क राजाचा हा ताम्रपट इ.स. ८१२ च्या सुमाराचा आहे. त्यात म्हटले आहे ते असे की विमानांतून फिरणारे देव एलापूरचे, म्हणजे वेरूळचे, हे मंदिर पाहून चकित झाले आणि माणसाच्या हातून असे काही होणे शक्य नाही, हे स्वयंभूच असले पाहिजे, असे त्यांना वाटले. आणि ज्याने ते घडवले त्या स्थपतीलाही, पुन्हा असे काही आपल्याच्याने होईना तेव्हा, हे मी केले तरी कसे, असा अचंबा वाटला. कैलासाचा उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना अभिप्राय म्हणायला हरकत नाही, आणि तो मंदिर पुरे झाल्यानंतर अर्ध्या-पाऊण शतकाच्या आतला आहे. काका पोह्यांची बशी हातात धरून ते ऐकत होते. हीच हकीकत आत जाण्यापूर्वी सांगितली असती तर आम्ही ताम्रपटातल्या देवांसारखे चकित होण्याचा प्रयत्न करत बसलो असतो. माहिती कोणत्या क्षणी द्यायची याची इतकी नेमकी जाण मी दुसऱ्या कोणत्याही मार्गदर्शकात पाहिलेली नाही, आणि या एका गोष्टीसाठी मी दौऱ्याच्या किमतीबद्दल घासाघीस करणार नाही.

मधल्या वेळात दहाव्या लेण्यातले, सुताराची झोपडी म्हणून ओळखले जाणारे चैत्यगृह आणि बत्तिसाव्यातली इंद्रसभा ही दोनच निवडून दाखवली. बाकीची ज्याची त्याने हवी तर पाहावीत, असे सांगितले. काहींनी कुरकुर केली, पण चौतीसच्या चौतीस लेणी दाखवण्याचा हट्ट धरणाऱ्या दौऱ्यातून परतलेल्यांना विचारले तर त्यांना सगळी एकसारखीच आठवतात. दुपारी चारनंतर पुन्हा कैलासात नेले, हेही विचारपूर्वक होते. वेरूळचा डोंगर पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी अंगणात गारवा आणि एकांत असतो पण ऊन नसते. ते दुपारनंतर उतरते आणि शिखराची पश्चिम बाजू उजळून निघते. त्या वेळी गर्दी भरपूर होती, सेल्फीच्या काठ्या होत्या, मुले हत्तींभोवती पळत होती, तरी आता आम्हाला तपशील पाहायचा असल्यामुळे त्याचा त्रास झाला नाही. दक्षिण बाजूला रावण कैलास पर्वत हलवतो आहे तो शिल्पपट मी सकाळी पाहून न पाहिल्यासारखा केला होता. वर शिव निवांत बसलेला, नुसता पायाचा अंगठा दाबतो आहे; पार्वतीने घाबरून त्याचा दंड धरला आहे; आणि तिच्या मागे एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. डोंगर हलला की प्रथम कोण पळते, हे त्या कारागिराला पक्के ठाऊक होते.

जेवणाविषयी दोन वाक्ये पुरेत. वेरूळजवळच्या ढाब्यावर ज्वारीची भाकरी, पिठले आणि ठेचा मिळाला तो उत्तम होता. हॉटेलात मात्र दोन्ही रात्री पनीरची तीच लाल ग्रेव्ही आणि गार पडलेल्या रोट्या होत्या. खोल्या स्वच्छ होत्या, गरम पाणी होते.

तिसऱ्या दिवशी अजिंठा होता, आणि इथे संस्थेने दोन चुका केल्या, ज्यांतली पहिली नियोजनाची आहे. अजिंठ्याची जुनी लेणी इसवी सनापूर्वीची, सातवाहन काळातली आणि नंतरची बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली आहेत, वेरूळ त्यानंतरचे. काळाचा क्रम पाहिला तरी अजिंठा आधी हवा. भूगोल पाहिला तरी तेच, कारण अजिंठा छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटर उत्तरेला आहे आणि वेरूळ ठाण्याच्या परतीच्या वाटेवर. शेवटच्या दिवशी अजिंठा ठेवल्यामुळे आम्ही मध्यरात्रीनंतर माजिवड्याला उतरलो. पण सर्वांत मोठे कारण अनुभवाचे आहे. कैलास अंगावर येतो. अजिंठा हळूहळू उलगडतो. अंगावर येणारे आधी पाहिले की उलगडणाऱ्यासाठी लागणारा धीर उरत नाही, आणि पहिल्या लेण्यातून बाहेर आलेल्या आमच्या निम्म्या मंडळींचा सूर ‘अंधारच फार आहे’ असाच होता.

दुसरी चूक अधिक रागाची आहे. सकाळी आठला निघून थेट जायचे ठरले असताना बस शहराबाहेर पडण्यापूर्वी एका हिमरू-पैठणीच्या दुकानासमोर थांबवण्यात आली. ‘फक्त माग बघायचा’ म्हणून थांबलेल्या बसला तिथून निघायला दीड तासाच्या वर वेळ लागला. हिमरू ही या भागाची खरोखरची कला आहे आणि ती पाहायला माझी ना नाही, पण ती कार्यक्रमपत्रिकेत छापावी, आणि अजिंठ्याच्या सकाळीतून तिची वेळ कापू नये. या थांब्याचा फटका नेमका कुठे बसला ते सांगतो. अजिंठ्याला खासगी वाहने चार किलोमीटर अलीकडेच सोडावी लागतात आणि पुढे तिथल्या बसने जावे लागते; आम्ही पोहोचलो तेव्हा त्या बससाठी शाळांच्या सहलींची रांग लागली होती. पत्रिकेत छापलेला व्ह्यू पॉइंट रद्द झाला. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला पलीकडच्या बाजूने लेण्याची कमान दिसली आणि अजिंठा पुन्हा जगासमोर आला. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर ओळीने कोरलेली सगळी लेणी एका नजरेत दिसतात ती वरूनच. ती नजर आम्हाला मिळालीच नाही.

हे सगळे असूनही पहिल्या लेण्यात जे घडले त्याचे श्रेय पुन्हा सरांनाच. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आलेल्या डोळ्याला काळोखाची पुरती सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात, आणि गर्दीच्या दिवशी आत तेवढा वेळ उभे राहू देत नाहीत. तेव्हा सरांनी आम्हाला बाहेरच्या रांगेतच डोळे मिटून, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायला लावले. शेजारच्या रांगेतल्या शाळकरी मुलांना हसू आवरेना. एकीने ‘ए, त्या आजी झोपल्यात’ म्हटलेलेही स्पष्ट ऐकू आले. पण आत जाऊन डोळे उघडले तेव्हा आमच्यापुरता काळोख निम्मा झाला होता. गाभाऱ्याच्या दाराशी डावीकडे बोधिसत्त्व पद्मपाणीचे चित्र होते. सगळ्यांत आधी मुकुट दिसला, मग कमळ धरलेला हात, मग खाली झुकलेले डोळे. एकेक गोष्ट जशी ओळखू येईल तशी पुढे येत गेली, आणि पूर्वबैठकीत पडद्यावर पाहिलेले ते बोट आता कामी आले. ज्यांनी बैठक चुकवली होती त्यांना दिसला तो फक्त एक मोठा तपकिरी डाग.

चित्रे इतकी मंद का दिसतात याचेही कारण सरांनी बाहेर ओट्यावर बसवून सांगितले, आणि ते ऐकण्यासारखे आहे. ही ओल्या गिलाव्यावरची चित्रे नाहीत. माती, भाताचे तूस, वनस्पतींचे तंतू यांचे थर देऊन, वर चुन्याचा पातळ हात मारून, तो वाळल्यावर रंगवलेली आहेत, त्यामुळे ती ओलाव्याने सुटतात. बहुतेक रंग याच परिसरातल्या दगड-मातीचे असले तरी निळ्यासाठी वापरलेला लाजवर्द अफगाणिस्तानाकडून आलेला आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजामाच्या राज्याने इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी सुटणारे पापुद्रे वाचवले, पण वर लाखेचा लेप दिला, आणि तो पुढे पिवळा पडला. म्हणजे आपण जे पाहतो ते दीड हजार वर्षांच्या जुन्या रंगावरचे शंभर वर्षांपूर्वीचे पिवळे आवरणही असते. हे कळल्यावर सतराव्या लेण्यात मंडळी अधिक वेळ थांबली. सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणापुढे मात्र आम्हाला अक्षरशः पळत जावे लागले. सुमारे सात मीटर लांबीचा तो निजलेला बुद्ध, खाली शोक करणारे शिष्य आणि वर आनंदाने वाद्ये वाजवणारे गंधर्व, हे सारे पाहायला दिवसाचा शेवटचा शांत वेळ हवा होता. तो वेळ पैठणीच्या दुकानात गेला होता, आणि परतीच्या बसमध्ये मी हे टूर मॅनेजरला सांगितले, तेव्हा ‘दुकान सगळ्याच संस्था करतात, ताई’ असे उत्तर मिळाले.

माझे मत असे आहे की हा दौरा घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून घ्यावा. पैसे भरण्यापूर्वी दुकानाचा थांबा आहे का, तो कोणत्या दिवशी आहे आणि तो वगळता येईल का, हे लेखी विचारून घ्यावे. अजिंठा आधी आणि वेरूळ नंतर असा क्रम करून देण्याची विनंती पूर्ण तुकडीने मिळून केली तर संस्था ऐकते, असे नंतर दुसऱ्या तुकडीच्या मंडळींकडून कळले. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, म्हणून बुधवार ते शुक्रवारची तुकडी सर्वांत सोयीची आणि शनिवार-रविवारच्या गर्दीपासून दूर राहणारी. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी दौलताबाद वगळून हॉटेलात विश्रांती घ्यावी. अजिंठ्याला पायथ्यापासून डोली मिळते, तिची चौकशी आधी करावी. दोन्ही ठिकाणचे प्रवेशशुल्क भारतीयांना ४० रुपये आहे आणि पंधरा वर्षांखालील मुलांना ते नाही, तेव्हा मुलांच्या किमतीत संस्थेने ते धरले आहे का तेही पाहावे. आमच्या बिलात धरले होते आणि विचारल्यावर परत मिळाले. तुकडी ठरवताना एक गोष्ट मात्र अवश्य विचारावी, ती म्हणजे मार्गदर्शक कोण आहे. सरांऐवजी दुसरे कोणी असेल तर याच किमतीत ठाण्यात बसचे आणखी चार पर्याय आहेत.